पाच ओव्हर प्रूफ

बरेच दिवसांत इथे काही लिहिणं झालं नाही. कारणं नेहमीचीच, ती सांगत बसत नाही. आज लिहितोय ते एका रमच्या बाटलीबद्दल. हे वाचणाऱ्यांत माझ्या दोन आत्या, एक मावशी आणि सासरची निम्मी मंडळी आहेत हे मला माहीत आहे, तेव्हा ज्यांना नको असेल त्यांनी इथेच थांबावं. आईची काळजी करू नका. जे झालं ते तिच्यासमोरच झालं.

बाटली मी विकत घेतलेली नाही. लंडनच्या आतेभावानं मागच्या दिवाळीत येताना आणली. "तू हल्ली नुसता वास घेत बसतोस म्हणे, मग हा घे," म्हणाला. हा टोमणा होता, पण खोटा नव्हता. गेली काही वर्षं मला हा नाद आहे. शनिवारी रात्री तीस एमएल, ट्युलिपसारख्या निमुळत्या ग्लासात, शेजारी पाणी, ड्रॉपर आणि एक दोनशे पानी वही. तासभर तेवढंच. बायको याला 'प्रॅक्टिकल' म्हणते.

तर ही बाटली म्हणजे जमैकाची हॅम्पडेन इस्टेट. ट्रेलॉनी परगण्यातली जुनी ऊस-इस्टेट, १७५३ पासूनची. गंमत अशी, की इतकी वर्षं इथली रम दुसऱ्यांच्या मिश्रणात मसाल्यासारखी चिमूटभर घातली जायची. स्वतःच्या नावानं, पिंपात मुरवलेली रम त्यांनी बाजारात आणली ती थेट २०१८ मध्ये. तीही दोन रूपांत, एक ४६ टक्के आणि एक ६० टक्के. माझ्या वाट्याला साठवाली आली.

साठ टक्के म्हणजे काय ते आधी सांगतो. आपल्याकडच्या रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा असतो, आणि त्याच्याजवळ ७५ डिग्री प्रूफ. हा इंग्रजांचा हिशेब. बंदुकीची दारू रममध्ये भिजवायची आणि काडी लावायची. पेटली तर रम 'प्रूव्ह' झाली, अशी जुनी गोष्ट सांगतात. पुढे हायड्रोमीटर आला आणि त्या हद्दीला आकडा मिळाला, ५७.१५ टक्के. तेवढी कडक ती शंभर प्रूफ. आपली ओल्ड मंक त्याच्या पाऊण, म्हणजे पंचाहत्तर. ब्रिटिश नौदलात खलाशांना रोज रम मिळायची (ती पद्धत ३१ जुलै १९७० ला बंद झाली), ती साडेचोपन्न टक्क्यांची. माझी बाटली या सगळ्यांच्या वर.

पुण्यात पहिल्यांदा एकट्यानं उघडली तेव्हा मी चूक केली. नेहमीच्या सवयीनं नाक ग्लासात घातलं. साठ टक्क्यांच्या वाफेत नाक घालणं म्हणजे उकळत्या कुकरची शिट्टी वाकून बघण्यासारखं आहे. पाच मिनिटं नाक बधिर. मग सरळ वीस मिनिटं ग्लास तसाच ठेवला, आणि नंतर हनुवटीपाशी धरून, तोंड किंचित उघडं ठेवून वास घेतला. वहीत त्या दिवशी असं लिहिलं आहे : "थिनर. नेलपॉलिश रिमूव्हर. जळका रबर. फार पिकलेलं काहीतरी. मिठातल्या कैरीचं पाणी. चव : आग. नंतर अननस?? आवडली नाही. पण विसरली जात नाही."

ज्याला रम म्हणजे व्हॅनिला, गूळ आणि थंडीतली ऊब एवढंच माहीत आहे त्याला ही रमच वाटणार नाही. मी बाटली कपाटात ठेवून दिली.

मग एकदा बाबांशी फोनवर बोलता बोलता विषय निघाला. निघाला म्हणजे माझ्या तोंडून निसटला. ही रम बनवताना, म्हटलं, ते लोक मागच्या भट्टीतला डंडर पुढच्या आंबवणात घालतात म्हणे.

"डंडर म्हणजे?"

"ऊर्ध्वपातन झाल्यावर खाली जे उरतं ते. खड्ड्यात साठवून ठेवतात, कुजू देतात."

पलीकडे जरा वेळ शांतता.

"म्हणजे स्पेंटवॉश," बाबा म्हणाले. "स्पेंटवॉश परत घालतात?"

"हो."

"घेऊन ये ती बाटली."

हे वाक्य बाबांच्या तोंडून येणं म्हणजे काय, हे घरच्यांना कळेल. बाकीच्यांसाठी थोडं मागे जावं लागेल.

बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. १९७३ साली लागले, २००४ ला निवृत्त झाले. माझं सगळं लहानपण कारखान्याच्या कॉलनीत गेलं. गळीत हंगामात आमच्याकडे हवेलाच चव असायची. सकाळी रसाचा गोड वास, दुपारी मळीचा जड वास, आणि वारा फिरला की स्पेंटवॉशचा. तो वास ज्यांनी घेतला आहे त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी घेतला नाही त्यांना सांगता येणार नाही. एक लिटर अल्कोहोलमागे दहा-बारा लिटर तरी स्पेंटवॉश निघतो, तपकिरी, आंबट, ढोसळलेला. तो कुठं घालायचा, यात बाबांच्या नोकरीची निम्मी वर्षं गेली. मोठमोठे तलाव, मग बायोगॅस, मग कंपोस्ट. ओढ्यात एक थेंब गेला की गावकरी दारात.

उरलेली निम्मी वर्षं गेली वास काढून टाकण्यात. मळी पाण्यात पातळ करायची, यीस्ट घालायचं, दीडेक दिवसात आंबवण आटोपायचं आणि वॉश उंच कॉलममधून चढवायचा. वरून इम्प्युअर स्पिरिट वेगळं काढायचं, मधून फ्यूजल ऑइल काढायचं, आणि जे मिळतं ते पंचाण्णव-शहाण्णव टक्क्यांचं. उत्तम मालाची ओळख एकच : त्याला कसलाही वास नाही. बाबा तळहातावर दोन थेंब घेऊन चोळायचे, उडू द्यायचे आणि मग हात हुंगायचे. काही आलं नाही तर खूश. मी लहानपणी समजायचो की बाबांची नोकरी हात हुंगण्याची आहे.

आणि आमच्या घरात बाटली कधी आली नाही. आली ती एकाच माणसाच्या पिशवीतून.

माझे धाकटे काका. त्यांच्याबद्दल मी इथे कधी लिहिलेलं नाही, आणि आजही फार लिहिणार नाही. ते देशी प्यायचे. महाराष्ट्रातली देशी म्हणजे मळीच्या स्पिरिटमध्ये पाणी आणि वास घालून बनवलेली, आणि ते स्पिरिट अशाच डिस्टिलऱ्यांमधून टँकरनं जातं. १९९१ च्या पावसाळ्यात काका गेले. त्याच्या आदल्या वर्षी कधीतरी आजी बाबांना म्हणाली होती, "तू करतोस आणि तो पितो." मी स्वयंपाकघराच्या दारात होतो. बाबा काही बोलले नाहीत. जेवण अर्धं टाकून उठले आणि ड्यूटी नसताना कारखान्यावर गेले. त्यानंतर आमच्याकडे हा विषय बंद. मी स्वतः पस्तिशीपर्यंत शिवलो नाही, आणि नंतर शिवलो तेही वही घेऊन.

म्हणून "घेऊन ये" ऐकल्यावर मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो.

डिसेंबरात सांगलीला गेलो. मोज्यांत गुंडाळून दोन ग्लास नेले. बाबांचा पहिला प्रश्न, "परवाना आहे का?" मी हसलो. ते हसत नव्हते. कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात दारू प्यायला आजही परवाना लागतो, १९४९ च्या दारूबंदी कायद्यापासून. तो बहुतेकांनी कधी बघितलेलाही नसतो. पण ज्यांच्या कामाच्या जागी सरकारी कुलूप असायचं आणि एक्साइजचा इन्स्पेक्टर शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचा, त्यांच्यासाठी तो विनोद नाही. माझ्याकडे होता, दाखवला. मग त्यांनी चष्मा लावला.

मला वाटलं होतं मी त्यांना शिकवीन. निमुळता ग्लास, वीस मिनिटं थांबणं वगैरे. बाबांनी लोखंडी कपाटातून एक मखमली अस्तराची लाकडी पेटी काढली. आत काचेचा अल्कोहोलमीटर, थर्मामीटर आणि मापाचं नळकांडं. निवृत्तीला एकवीस वर्षं झाली, पण काचेवर धुळीचा कण नव्हता.

"आधी मोजू. मग बाकी."

याला कारण आहे. महागड्या रममध्ये साखर घालून तिला गुळगुळीत करायची एक चाल आहे. युरोपात तर २०२१ पासून लिटरमागे २० ग्रॅमची मर्यादाच घातली. साखर पकडायची युक्ती साधी आहे. अल्कोहोलनं द्रव हलका होतो, साखरेनं जड. साखर असली की मीटर कमी बुडतो आणि लेबलापेक्षा कमी आकडा दाखवतो. हे मी पुस्तकी वाचलं होतं. बाबांनी नळकांडं भरलं, मीटर सोडला, बोटानं हलकेच फिरवला, डोळा पातळीला आणला. एकसष्टच्या जरा वर. खोलीचं तापमान २४. मीटर २० डिग्रीसाठी बनवलेला असतो, त्यामुळे गरम खोलीत तो जास्त दाखवतो. पिवळ्या पडलेल्या तक्त्यावरून बोट खाली नेत ते म्हणाले, "साठाला चिकटून. काही घातलेलं नाही." आणि मग, मनातल्या मनात पावणेदोननं गुणून, "एकशे पाच प्रूफ. पाच ओव्हर प्रूफ."

नळकांड्यातली रम त्यांनी फनेलनं बाटलीत परत ओतली. एक थेंब सांडला नाही.

मग ग्लास. मी तीस एमएल ओतली. बाबांनी ग्लास तोंडाजवळ नेलाच नाही. हातभर लांब धरला आणि दुसऱ्या हातानं वारा घालून वास नाकाकडे ओढला, प्रयोगशाळेत शिकवतात तसा. बराच वेळ. एकदा डावी नाकपुडी, एकदा उजवी.

"इथाइल अ‍ॅसिटेट," ते म्हणाले. "भरपूर."

माझं थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर ते हेच.

"ब्युटिरिक आहे. त्याचं एस्टर झालंय." माझ्याकडे बघून, "ब्युटिरिक अ‍ॅसिड म्हणजे खवट लोण्याचा वास. घाण असतो. तेच अल्कोहोलशी जोडलं गेलं की अननस. हे एवढं यायला वॉश किती दिवस ठेवत असतील?"

आठवडा-दोन आठवडे, मी म्हटलं. उघड्या लाकडी पिंपांत, बाहेरून यीस्ट न घालता, हवेतलं जे येईल त्यावर. बाबांनी मान हलवली. दोन आठवडे उघडा वॉश ठेवणाऱ्या केमिस्टला त्यांच्या काळात दुसऱ्या दिवशी मेमो मिळाला असता. आंबवणात बॅक्टेरिया शिरले म्हणजे उतारा घटला, हे त्यांचं आयुष्यभराचं भय. आणि जमैकावाले त्याच बॅक्टेरियांना आमंत्रण देतात, स्पेंटवॉश खड्ड्यात पाळतात, कारण आम्लं त्यातूनच येतात आणि आम्लांतून हे वास. अशा एस्टरांचा हिशेब ठेवून तिथे रमला वेगवेगळी अक्षरी चिन्हं देतात. सगळ्यांत जड चिन्हाची रम तर कोणी प्यावी अशी अपेक्षाच नसते, ती मिठाया आणि अत्तरांसाठी जायची.

"आम्ही हे सगळं काढून टाकायचो," बाबा म्हणाले. ग्लास अजून हातातच होता. "एकतीस वर्षं. हेच, हेच काढून टाकायचो."

मला काय बोलावं कळेना. मी पाण्याचा ड्रॉपर पुढे केला.

पाण्याचा हिशेब त्यांनी तोंडी केला. तीस एमएलमध्ये अठरा एमएल निव्वळ अल्कोहोल. सहा एमएल पाणी घातलं की पन्नास टक्के, आणखी सहा घातलं की आपली ओल्ड मंक, ४२.८. "थोडा फरक पडेल, मिसळल्यावर दोन्ही आकसतात," हेही सांगून ठेवलं. पहिले सहा एमएल घातल्यावर ग्लासातली आग बसली आणि वास वर आला. इथे माझं आधीचं मत मी जाहीरपणे मागे घेतो. पन्नासला ही रम अप्रतिम आहे. रबर गेला. अननस, शिकरणाचं फार पिकलेलं केळं, खाली मळीचा कडवटपणा, आणि मध्ये खारट काहीतरी, लोणच्याच्या बरणीच्या तळाशी असतं तसं. लाकूड मागे, शिस्तीत. घोट गेल्यावर दहा मिनिटं तोंडात चव फिरत राहते, बदलत राहते. व्हॅनिला म्हणाल तर नावाला. पुढच्या सहा एमएलनं मात्र ती सैल झाली. ४२.८ ला ती वाईट नाही, पण धोतर नीट न खोचलेल्या माणसासारखी. म्हणजे साठ टक्क्यांत भरण्यात मर्दानगी वगैरे काही नाही, पाणी किती घालायचं हे पिणाऱ्याच्या हातात ठेवलं आहे, इतकंच. ज्यांना ती साठालाच आवडते त्यांना माझा नमस्कार.

बाबा प्यायले नाहीत. त्यांनी अर्धा चमचा तोंडात घेतला, फिरवला, मोरीत जाऊन थुंकला, चूळ भरली. तीन वेळा, तीनही ताकदींना. कारखान्यात नमुना असाच तपासायचे म्हणे, आणि मला पन्नास वर्षांत हे माहीत नव्हतं.

"नीट केलंय," त्यांचा निकाल. "घाण वाटते, पण घाण राहिलेली नाही. ठेवलेली आहे. कुठं तोडायचं ते त्या माणसाला कळतंय." मग जरा थांबून, "कोण करायचं हे काम? तिथं."

मी सांगितलं. आधी आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम. १८३८ मध्ये ते पूर्ण मोकळे झाल्यावर मजूर पुरेनात, म्हणून १८४५ पासून करारावर नेलेले आपल्याकडचे लोकही, बहुतेक उत्तरेकडचे. उसाच्या मागे माणसं कुठं कुठं गेली. बाबा म्हणाले, "ऊसतोड सगळीकडे सारखीच," आणि विषय तिथंच सोडला.

तेवढ्यात आई आत आली. आम्ही दोघं चोरासारखे बसलो होतो, समोर ग्लास, मीटर, तक्ते. तिनं काही न विचारता बाबांच्या हातातला ग्लास घेतला. आई. मी श्वास धरला. तिनं एकदाच वास घेतला.

"फणस," म्हणाली. "बरका. दोन दिवस जास्त राहिलेला."

आणि ग्लास परत देऊन भाकरी टाकायला गेली. माझ्या वहीत दोन बैठकींचे मिळून अठरा शब्द आहेत. त्यात फणस नाही, आणि आता ग्लास हातात घेतला की मला फणसाशिवाय काही येत नाही.

जेवणं झाली. मी ग्लास धुतले, बाटली पिशवीत भरायला घेतली. बाबा म्हणाले, थांब. त्यांनी बाटली टेबलावर सरळ ठेवली, रमची पातळी स्थिर होऊ दिली, आणि मार्करनं काचेवर एक बारीक रेघ मारली. शेजारी तारीख, आणि खाली छोटी सही. डिस्टिलरीत टाकीचं माप घेतल्यावर करायचे तशी.

"त्यांच्याकडे पिंपातून वर्षाला किती उडते म्हणालास?"

"सहा-सात टक्के. उष्ण हवा आहे ना."

"बाटलीतून उडत नाही," ते म्हणाले. "पुढच्या वेळी येशील तेव्हा आण. बघू."

परवा संक्रांतीला गेलो होतो तेव्हा नेली. पातळी रेघेच्या खाली बोटभर होती, दोन शनिवारांची. बाबांनी बघितलं, दुसरी रेघ मारली, तारीख घातली. काकांचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही. मग म्हणाले, "आज चाळीसला बघायची का? चार्‍याहत्तरच्या खाली प्रूफला काय होतं ते बघू," आणि पेटी काढायला उठले.